काटा साठावर आहे, वेळ किती उरला? : बॉइलचा नियम आणि त्याच्या अटी

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय आपण सगळ्यांनी शाळेत शिकलेला आहे. तापमान स्थिर ठेवलं तर ठरावीक वस्तुमानाच्या वायूचं आकारमान त्याच्या दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतं. दाब दुप्पट, तर आकारमान निम्मं. परीक्षेत याला दोन-तीन गुण असायचे, आणि बहुतेकांना ते मिळायचेही. मग एवढ्यासाठी आज इथे जमायचं कारण काय?

कारण सांगण्यासाठी एक फोन आठवतो. २०२१ चा एप्रिल-मे. करोनाची दुसरी लाट होती, रुग्णालयात खाटा मिळत नव्हत्या, आणि कित्येक घरांत पलंगाशेजारी ऑक्सिजनचा काळा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर उभा होता. एका रात्री दहाच्या सुमारास आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिचे वडील घरीच ऑक्सिजनवर होते. ती म्हणाली, "सर, सिलिंडर दहा लिटरचा आहे. डॉक्टरांनी मिनिटाला चार लिटर ठेवायला सांगितलंय. दहा भागिले चार, अडीच मिनिटं. पण संध्याकाळपासून चालूच आहे की! माझा हिशेब चुकतोय कुठे? आणि आता काटा साठावर आहे, तर वेळ किती उरला? दुसरा सिलिंडर कधीपर्यंत यायला हवा?"

मुलगी विज्ञान शाखेची. बॉइलचा नियम तिने पाठ केला होता, गणितंही सोडवली होती. पण तो नियम हाच, या लोखंडी नळकांड्यात बसलेला, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. यात तिचा दोष नाही. आम्ही शिकवतानाच नियम फळ्यावर ठेवला, सिलिंडरपर्यंत नेला नाही. म्हणून आज आपण तो तिथपर्यंत नेऊ. आणि जाताना त्याच्या अटीही नीट बघू, कारण नियम सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि अटी विसरल्या जातात.

सिरिंज आणि अंगठा

आमच्या हातात ही २० मिलीची सिरिंज आहे. सुई काढलेली आहे. दट्ट्या विसाच्या खुणेवर आणला, तोंडावर अंगठा घट्ट दाबला. आता आत २० मिली हवा अडकली. तिचा दाब बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे एक वातावरण.

आता दट्ट्या हळूहळू आत ढकलू. दहाच्या खुणेवर आलो. हवा निम्म्या जागेत आली, तिचा दाब झाला दोन वातावरण. एक वातावरणाचा दाब बाहेरून दट्ट्यावर आहेच, उरलेला एक आपल्या हाताने द्यायचा. या दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे साधारण ३ किलोचं वजन ठेवल्याइतका जोर लागला. (घर्षण आपण सोडून देऊ.)

अजून ढकलू. पाचच्या खुणेपर्यंत. बघा, या वेळी दट्ट्या पाचच मिली सरकला, आधी दहा मिली सरकला होता. पण आता दाब चार वातावरण. हाताने द्यायचे तीन, म्हणजे सुमारे ९ किलो. अंतर निम्मं आणि जोर तिप्पट. यापुढे आमचा अंगठा टिकत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. प्रत्येक मिलीला सारखा दाब वाढत नाही. इथे फरक सारखा नसतो, पट सारखी असते. जागा निम्मी केली की दाब दुप्पट, पुन्हा निम्मी केली की पुन्हा दुप्पट. २० गुणिले १, वीस. १० गुणिले २, वीस. ५ गुणिले ४, वीस. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. व्यस्त प्रमाण हा शब्द विसरलात तरी चालेल, गुणाकार कायम राहतो एवढं लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

जिन्यात उभी केलेली नळी

हा नियम कोणी एका बैठकीत शोधून काढलेला नाही. तो एका भांडणातून आला.

१६४० च्या दशकात इटलीत तोरिचेल्लीने दाखवलं होतं की पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली, तर पारा पूर्ण खाली येत नाही, साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबतो. त्याचं म्हणणं असं की बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्यावर दाब देते आणि तो दाब नळीतला पारा तोलून धरतो. रॉबर्ट बॉइल हा आयर्लंडमध्ये जन्मलेला, ऑक्सफर्डला काम करणारा संशोधक. त्याने रॉबर्ट हूकच्या मदतीने हवा काढून घेणारा पंप बनवून घेतला आणि १६६० मध्ये आपल्या प्रयोगांचं पुस्तक छापलं. हवेला स्प्रिंगसारखी उसळी आहे, दाबली की ती उलट दाबते, असं त्याने त्यात मांडलं.

हे फ्रान्सिस लाइन नावाच्या एका जेझुइट पंडिताला पटलं नाही. त्याचा आक्षेप असा: हवा किती हलकी, पारा किती जड! हवेला उसळी असेलही, पण एवढ्या उंच पाऱ्याला तोलून धरण्याइतकी ती कशी असेल? त्याच्या मते नळीच्या वरच्या टोकाशी एक अदृश्य दोरा असतो आणि तो पाऱ्याला वर ओढून धरतो.

आज आपल्याला हसू येईल, पण आक्षेप मोलाचा होता. हवा दाबते का, हा प्रश्न मागे पडला आणि किती दाबते, हा प्रश्न पुढे आला. त्याचं उत्तर शब्दांनी देता येत नाही, त्याला मोजमापच लागतं. बॉइलने १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते दिलं.

त्याने इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची काचेची नळी घेतली. आखूड बाजू वरून बंद, लांब बाजू उघडी. आखूड बाजूत हवा अडकवायची आणि लांब बाजूने पारा ओतत जायचं. जितका पारा जास्त, तितकी हवा जास्त दाबली जाणार. पहिली नळी फुटली. दुसरी नळी इतकी उंच होती की खोलीत उभी करता येईना, म्हणून ती जिन्यात उभी केली. खाली लाकडी पेटी ठेवली, नळी पुन्हा फुटलीच तर पारा वाया जाऊ नये म्हणून.

त्याने छापलेल्या तक्त्यातल्या तीनच ओळी बघू. हवा ४८ भाग जागेत होती तेव्हा दाब २९.१ इंच पारा, म्हणजे नुसत्या वातावरणाचाच. ती २४ भागांवर आली तेव्हा ५८.८ इंच. आणि १२ भागांवर आली तेव्हा ११७.६ इंच. गुणाकार करून बघा: पहिला १३९७, दुसरा १४११, तिसराही १४११. साधारण एक टक्क्याचा फरक. हाताने फुंकलेली, सगळीकडे सारख्या जाडीची नसलेली काच, कागदाच्या पट्टीवर आखलेल्या खुणा आणि डोळ्यांनी घेतलेली मापं, एवढ्याच साधनांवर हे साधलं. लाइनच्या दोऱ्याला यानंतर फारसं कोणी धरून राहिलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असावेत, हा अंदाज रिचर्ड टाउनली यांचा आहे, असं बॉइलने स्वतःच लिहून ठेवलं. टाउनली आणि त्यांचे मित्र हेन्री पॉवर यांनीही या विषयावर प्रयोग केले होते. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये एद्म मारियोत यांनीही हाच नियम मांडला, म्हणून तिकडे आजही मारियोतचं नाव घेतात. आपल्याकडे शिक्षण इंग्रजांमार्फत आलं, त्यामुळे आपण बॉइल म्हणतो.

हवा दाबते म्हणजे काय करते?

बॉइलला नियम मिळाला, पण त्यामागचं कारण मिळालं नाही. हवेचे कण लोकरीच्या पुंजक्यासारखे असतील, दाबले की दबतात, सोडले की फुलतात, असा त्याचा एक अंदाज होता. बरोबर दिशेचं स्पष्टीकरण १७३८ मध्ये डॅनिएल बर्नुलीने दिलं. वायूचे कण सतत इकडून तिकडे धावत असतात आणि भिंतींवर आदळतात. या असंख्य धडकांची बेरीज म्हणजे दाब.

आता सिरिंजमध्ये डोकावू. दट्ट्या निम्म्यावर आला. रेणू तेवढेच, त्यांचा वेगही तेवढाच. पण दट्ट्यापासून टोकापर्यंतची फेरी निम्मी झाली. म्हणून प्रत्येक रेणू दट्ट्यावर दुप्पट वेळा येऊन आदळतो. बाजूच्या भिंतींवर धडका तेवढ्याच, पण भिंतीचं क्षेत्रफळच निम्मं उरलं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला त्याही दुप्पट. दाब सगळीकडे दुप्पट.

यात दोन वाक्यं आम्ही हळूच घातली, ती तुमच्या लक्षात आली का? रेणू तेवढेच आणि वेगही तेवढाच. याच त्या अटी. रेणू तेवढेच म्हणजे गळती नाही. वेग तेवढाच म्हणजे तापमान तेच, कारण वायूचं तापमान हे त्याच्या रेणूंच्या धावपळीचंच माप आहे. यातली एकही अट मोडली की गुणाकार कायम राहत नाही.

काट्यावरचा शून्य फसवा आहे

तिसरी एक अट आहे, ती धड्यात लिहिलेली असते पण डोळ्यांत भरत नाही. दाब निरपेक्ष हवा, म्हणजे पोकळीपासून मोजलेला.

सायकलच्या चाकातली हवा गेली, आपण दुकानात गेलो, गेज लावला, काटा शून्यावर. म्हणजे आत हवाच नाही का? आहे की, बाहेर आहे तेवढ्याच दाबाची. गेज फक्त बाहेरच्यापेक्षा जास्त किती, हे सांगतो. आपल्या सिरिंजला गेज लावला असता तर सुरुवातीला तो शून्य दाखवता, दहाच्या खुणेवर एक आणि पाचवर तीन. त्यांनी गुणाकार करून बघा: शून्य, दहा, पंधरा. नियम साफ खोटा ठरतो! म्हणून गेजवरच्या आकड्यात बाहेरचा एक वातावरण मिळवायचा आणि मगच नियम लावायचा. मुलांची बहुतेक गणितं इथे चुकतात, सूत्रात चुकत नाहीत.

आता सिलिंडर

आता फोनवरच्या प्रश्नाकडे येऊ. सिलिंडर दहा लिटरचा, म्हणजे आत दहा लिटर पाणी मावेल एवढी जागा. पण मिनिटाला चार लिटर हे माप आहे बाहेर आलेल्या, साध्या वातावरणाच्या दाबावरच्या ऑक्सिजनचं. एक लिटर आतला, एक लिटर बाहेरचा. हे दोन लिटर एकमेकांत मिसळले, तिथे हिशेब चुकला.

मग आधी आतला वायू बाहेरच्या दाबावर आणू. काटा ६० वर. आपल्याकडच्या गेजवर बहुधा किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असं माप असतं आणि ते जवळजवळ एका वातावरणाइतकंच आहे. म्हणजे निरपेक्ष दाब ६१. आकारमान १०. गुणाकार ६१०. दाब १ होईपर्यंत हा वायू पसरू दिला तर त्याला ६१० लिटर जागा लागेल. पण सिलिंडर कधी पोकळ होत नाही. आत-बाहेर दाब सारखा झाला की वायू बाहेर यायचा थांबतो आणि दहा लिटर आतच राहतात. ६१० वजा १०, सहाशे. गंमत बघा, गेजवरचा आकडा गुणिले सिलिंडरचे लिटर, ६० गुणिले १०, तेही सहाशेच. एक मिळवला आणि एक वजा झाला. म्हणून या एका कामापुरता गेजचा आकडा सरळ वापरता येतो. पण का वापरता येतो, हे माहीत असायला हवं.

सहाशे लिटर, मिनिटाला चार. दीडशे मिनिटं, अडीच तास. तिचं उत्तर होतं अडीच मिनिटं, खरं उत्तर अडीच तास. मधला फरक साठ पटीचा, आणि काटाही साठावरच!

आम्ही तिला सांगितलं: साडेबाराला संपेल, पण साडेबारा धरू नकोस. गेज आणि फ्लोमीटर दोन्ही थोडे इकडेतिकडे असतात, जोडणीत गळती असू शकते, आणि शेवटी दाब उतरल्यावर प्रवाह स्थिर राहीलच असं नाही. बाराच्या आत दुसरा सिलिंडर जोडलेला हवा. आणि प्रवाह किती ठेवायचा हे डॉक्टरांनाच विचार, सिलिंडर पुरवायचा म्हणून आपल्या मनाने कमी करू नकोस. सुदैवाने दुसरा सिलिंडर साडेअकराला घरी पोचला.

त्या दिवसांत मग आम्ही एका कागदावर तीनच ओळी लिहून ओळखीच्या घरांत पाठवल्या. गेजचा आकडा गुणिले सिलिंडरचे लिटर. भागिले मिनिटाचा प्रवाह. आलेल्या उत्तरातून निदान पाचवा हिस्सा राखीव. पूर्ण भरलेला, दीडशेवर काटा असलेला दहा लिटरचा सिलिंडर म्हणजे १५०० लिटर, मिनिटाला पाच लिटरने पाच तास. प्रवाह दहा केला तर अडीचच तास. रात्री झोपायचं की जागायचं, हे घरच्यांना या हिशेबावरून ठरवता यायचं.

तापमान स्थिर असताना, म्हणजे कधी?

आता या अटीकडे जरा वेळ देऊ. सायकलच्या पंपाचं तोंड दाबून चार-सहा झटके मारले की पंप गरम लागतो. लोक म्हणतात घर्षणाने. थोडं घर्षणाने, पण मुख्य कारण वेगळं. बॅट स्थिर ठेवून चेंडू अडवला तर तो आला तसा परत जातो. बॅट पुढे आणून मारला तर जास्त वेगाने जातो. आत येणारा दट्ट्या ही अशीच पुढे येणारी बॅट आहे. त्याच्यावर आदळणारा प्रत्येक रेणू जास्त वेगाने परत जातो, म्हणजे वायू तापतो.

मग आपल्या सिरिंजमध्ये तापमान स्थिर कसं राहिलं? आपण हळू ढकललं म्हणून. जी उष्णता तयार झाली ती भिंतीतून बाहेर जायला वेळ मिळाला. तीच हवा एका झटक्यात, उष्णता बाहेर जाऊ न देता, निम्मी केली तर दाब दुप्पट होत नाही, सुमारे २.६ पट होतो, आणि २७ अंशांवरची हवा हिशेबाने १२० अंशांच्या वर जाते. मग ती थंड होत जाते तसा दाब उतरत उतरत दुपटीवर येतो. डिझेल इंजिनात हेच मुद्दाम करतात. हवा इतक्या झटक्यात आणि इतकी दाबतात की फवारलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेटतं.

सिलिंडरच्या बाबतीत ही अट खिशाला लागते. घाईत भरलेला सिलिंडर तापतो. समजा भरून झाला तेव्हा काटा २०० वर होता आणि आतला वायू ५७ अंशांवर. घरी आणला, २७ अंशांवर निवला. आता काटा १८२ च्या आसपास दिसेल. लोकांना वाटतं, वाटेत गळला किंवा दुकानदाराने फसवलं. दोन्ही नाही. रेणू तेवढेच आहेत, फक्त त्यांची धावपळ मंदावली. म्हणून सिलिंडरचा दाब निवल्यावर वाचायचा.

पाण्याखालचे पहिले दहा मीटर

हिशेबात चूक झाली तर जिवावर बेतते अशी आणखी एक जागा आहे, ती आपल्याच किनाऱ्यावर. मालवण, तारकर्लीला स्कूबासाठी अनेकजण जातात. तिथला प्रशिक्षक पाण्यात उतरण्याआधी बजावतो: श्वास कधीही रोखायचा नाही. बाकी काही विसरा, हे विसरू नका. का बरं?

समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीसवर ३, तीसवर ४. पाठीवरचं उपकरण त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा तोंडात देतं, नाहीतर छाती फुगवताच येणार नाही. दहा मीटरवर तुम्ही छाती भरून श्वास घेतला, समजा पाच लिटर. त्या हवेचा दाब दोन. आता श्वास तसाच रोखून वर आलात. शरीराचं तापमान ३७ अंशांवर स्थिर, तोंड बंद, रेणू तेवढेच. बॉइलच्या सगळ्या अटी पूर्ण! वर दाब एक, म्हणजे हवेला जागा हवी दहा लिटर. फुफ्फुसात तेवढी जागा नाही. नाजूक ऊती फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. श्वास सोडत वर आलात तर जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते आणि काहीच होत नाही.

नवख्या माणसाला वाटतं, धोका खोल पाण्यात, वरच्या पाण्यात काय व्हायचंय? नियम काय सांगतो ते बघा. चाळीस मीटरवरून तीसवर आलं की दाब पाचावरून चारावर येतो, हवा सव्वापट फुगते. पण दहावरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट फुगते. दोन्ही वेळा अंतर दहाच मीटर! फरक सारखा नसतो, पट सारखी असते, हे आपण सिरिंजमध्ये बघितलं, तेच इथे. शेवटचे दहा मीटर सगळ्यात मोठे. छाती पूर्ण भरलेली असेल तर पोहण्याच्या तलावाच्या खोलीवरूनही, दीड-दोन मीटरवरून, इजा होऊ शकते. कानाचंही तसंच. खाली उतरताना कान सगळ्यात जास्त दडपतात ते पहिल्या काही मीटरमध्येच.

नुसत्या दमावर बुडी मारणाऱ्याला हा धोका नसतो. त्याने हवा वर घेतलेली असते. पाच लिटर खाली अडीच होतात, वर येताना पुन्हा पाच होतात. हवा कोणत्या दाबावर आत घेतली, यावर सगळं आहे.

एवढं सांगून आम्ही थांबतो. नियम एका ओळीचा आहे. पण वापरताना स्वतःला तीन प्रश्न विचारायचे: वायू तेवढाच आहे का, तापमान तेच आहे का, आणि हा दाब कुठून मोजलाय? तिन्ही उत्तरं मिळाली की मग गुणाकार करायचा.

श्रोत्यांचे प्रश्न

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर किती उरला, हेही असंच काढता येईल का?

नाही, आणि हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये बहुतांश द्रव असतो, त्याच्यावर वाफ. वाफ वापरली की द्रवातून नवी वाफ होते, रेणू तेवढेच राहत नाहीत. आतला दाब तापमानावर ठरतो, किती गॅस उरला यावर नाही. द्रव संपेपर्यंत दाब जवळजवळ तोच, आणि मग भाजी अर्धी शिजलेली असताना गॅस जातो! तो मोजायचा तर वजनच करायला हवं. सीएनजीच्या रिक्षाचं मात्र उलट आहे. तिच्या टाकीत वायूच असतो, म्हणून काटा वापरासोबत खाली येत जातो. रुग्णालयांच्या मोठ्या टाक्यांत ऑक्सिजन द्रवरूपात असतो. तिथेही दाबावरून साठा कळत नाही, द्रवाची पातळी बघावी लागते.

महाबळेश्वरला नेलेलं वेफर्सचं पाकीट फुगतं, ते यामुळेच का?

हो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३७० मीटरवर. तिथे हवेचा दाब खालच्यापेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी. आतली हवा १७-१८ टक्के फुगू बघते. वर थंडी असते, त्यामुळे दोन-तीन टक्के वजा करा. पाकीट ताणलं जात नाही, म्हणून पूर्ण फुगता येत नाही, ते फक्त टणक लागतं.

नियम कितीही दाबाला चालतो का?

नाही. बर्नुलीच्या चित्रात रेणूंना स्वतःची जागा नाही आणि एकमेकांची ओढही नाही. खऱ्या रेणूंना दोन्ही असतात. १८७३ मध्ये व्हॅन डर वाल्स यांनी त्यांचा हिशेब घातला. दीडशे वातावरण दाबाला ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये बॉइलच्या हिशेबापेक्षा काही टक्के जास्तच वायू मावतो. सीएनजीत हा फरक आणखी मोठा असतो. घरच्या अंदाजाला तो आड येत नाही, कारण आपण पाचवा हिस्सा राखूनच ठेवलाय.